सोडून दिलेला मासा

नीतिशास्त्राचे प्रश्न शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यास एक गोष्ट उशिरां कां होईना कळून येते. ती ही कीं, आपण वाट पाहत बसलों असतां हे प्रश्न सहसा येत नाहींत. खडू घेऊन फळ्यासमोर उभें राहिलें म्हणजे ते शहाण्या मुलांप्रमाणें रांगेनें येतात आणि तास संपतांच निघून जातात. परंतु एखाद्या रम्य सकाळीं, मन अगदीं निर्धास्त असतां, ज्या सुखाविषयीं शंका घ्यावी असें स्वप्नांतहि आलें नव्हतें, त्या सुखाच्या मध्यभागींच एखादा प्रश्न उभा राहतो आणि मग तो घरापर्यंत पाठ सोडीत नाहीं. गेल्या एप्रिल महिन्यांत हिमाचल प्रदेशांतील तीर्थन नदीच्या कांठीं मला असाच अनुभव आला. प्रसंग म्हणावा तर क्षुल्लक. माझ्या मित्रानें एक मासा धरला आणि सोडून दिला. मासा मेला नाहीं. तो कोणीं खाल्लाहि नाहीं. असें असतां त्यांत विचार करण्याजोगें काय होतें, हेंच येथें सांगावयाचें आहे.

हा मित्र माझा कॉलेजांतील सोबती. तो पुढें इंजिनियर झाला व नोकरीनिमित्त उत्तरेकडेच राहिला. चार वर्षांमागें त्याची पत्नी वारली. त्यानंतरच्या वर्षांत तो रोज रात्रीं मला फोन करी आणि फारसें कांहीं बोलत नसे. दुसऱ्या वर्षीं वसंत ऋतूंत कोणी एक परिचित त्यास तीर्थनच्या खोऱ्यांत घेऊन गेला व त्याच्या हातांत गळाची काठी दिली. त्या आठवड्यांत त्याचा फोन आला नाहीं. आणि जेव्हां आला तेव्हां तो अर्धा तास नदीविषयींच बोलत होता. तेव्हांपासून दर वसंतांत तो तेथें जातो. यंदा मजला आग्रहानें बोलाविलें. हें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, त्याच्या छंदाविषयीं शंका घेणें मला सोपें नव्हतें. ज्या काठीच्या आधारानें माणूस उभा राहिला, ती कोणत्या लांकडाची आहे याची चौकशी करणें बरें दिसत नाहीं.

तीर्थनचा उगम ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या उंच प्रदेशांत आहे. या उद्यानास २०१४ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाचा मान दिला. तेथून देवदारांच्या रानांतून, शेतांच्या व सफरचंदांच्या बागांच्या कडेनें उतरत ती लारजीजवळ बियासला मिळते. एप्रिलांत पाणी इतकें थंड असतें कीं, गुडघाभर उभें राहिलें तर रबरी बुटांतूनहि पाय बधिर होतात. अशाच पाण्यांत ट्राउट राहतो. कारण त्यास थंड आणि प्राणवायूनें भरलेलें पाणी लागतें. हा ब्राउन ट्राउट मूळचा आपल्याकडचा नव्हे. साहेब लोकांस आपल्या घरच्या नद्यांची आठवण येई, म्हणून त्यांनीं तो येथें आणला. १८९९ सालीं ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनीं काश्मीरसाठीं पाठविलेलीं अंडीं वाटेंतच नासलीं; पुढल्या वर्षीं स्कॉटलंडाहून आलेलीं जगलीं. मग थोड्याच वर्षांत कुलूच्या नद्यांतहि हा मासा सोडण्यांत आला. म्हणजे माणसाच्या करमणुकीसाठींच त्याची या पाण्यांत वसाहत झाली. साम्राज्य गेलें, साहेब गेले, मासा मात्र राहिला. आणि त्याच्याबरोबर त्यास धरण्याची विद्याहि राहिली.

ती विद्या खरोखर विद्या म्हणण्याजोगी आहे, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. आमच्या कोंकणांत पऱ्ह्याच्या कांठीं गळाला गांडूळ लावून बसणारीं मुलें मीं पाहिलेलीं आहेत; त्याहून ही रीत अगदीं निराळी. येथें आमिष खाण्याचें नसतेंच. रेशमी दोरा, कोंबड्याच्या मानेचें पीस आणि सशाचे चार केस एवढ्यावर आंकड्याभोंवतीं एक खोटी माशी गुंफलेली असते. जिची ती नक्कल, ती खरी माशी बहुधा वर्षभर पाण्याखालीं अळीच्या रूपांत काढते आणि पंख फुटल्यावर फार तर एक-दोन दिवस जगते. त्या अवस्थेंत तिला खाण्याजोगें तोंडहि नसतें. अशा क्षणभंगुर जीवाची प्रतिमा माशासमोर अशी उतरवावयाची कीं, पाण्यास तिचा भार कळूं नये. माशीला वजन नसल्यामुळें ती फेंकतां येत नाहीं. फेंकावयाचा तो दोर, आणि दोराबरोबर माशी जाते. काठी मागें नेल्यावर दोर पाठीमागें हवेंत पुरता उलगडेपर्यंत थांबावें लागतें. ज्यास हें थांबणें साधलें त्यास सारें साधलें, असें माझा मित्र म्हणतो. मला तें तासाभरांत एकदांहि साधलें नाहीं. माझ्या माशा पाण्यावर न पडतां काठच्या झुडुपांतच अधिक पडल्या.

तो मात्र पाण्यांत एखाद्या बगळ्यासारखा उभा होता. मासा नेहमीं प्रवाहाच्या उगमाकडे तोंड करून राहतो, म्हणून त्याच्या मागच्या बाजूनें, खालून वर जावयाचें. आपली सांवली पुढें पडूं द्यावयाची नाहीं. कोणत्या खडकामागें पाणी मंद होतें, कोठें फेंसाच्या रेषेंतून अन्न वाहत येतें, हें ओळखावयाचें. वीस पावलांवर एका शिळेच्या आड पाणी किंचित् हललें. मला तें दिसलें नाहीं. त्यानें दाखविलें तेव्हांहि दिसलें नाहीं. त्यानें दोन वेळां दोर हवेंत खेळविला, माशी उतरली, चार हात वाहत आली आणि एकाएकीं नाहींशी झाली. काठी वांकली. मी लहान मुलासारखा टाळ्या वाजवून ओरडलों. तेव्हां त्यानें, पाहुण्यास ताटांतला गोड घांस द्यावा त्याप्रमाणें, ती काठी क्षणभर माझ्या हातांत दिली.

त्या क्षणाविषयीं मला प्रामाणिकपणें लिहिलें पाहिजे, कारण पुढचा सारा विचार त्यांतूनच निघाला. दोरांतून आणि काठींतून एक थरथर माझ्या तळहातांत आली. दुसऱ्या टोकाला एक जीव आपलें सर्व बळ लावून माझ्यापासून दूर जाऊं पाहत होता, हें मला हातानें कळत होतें. आणि तें मला आवडलें. अतिशय आवडलें. मित्रानें काठी परत घेतली तेव्हां हात रिकामा झाल्यासारखें वाटलें.

मग त्यानें मासा जवळ आणला, जाळ्यांत घेतला, स्वतःचे हात आधीं पाण्यांत भिजविले. कारण कोरड्या हातानें माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो व त्यास रोग जडतो. आंकड्याचा उलटा कांटा त्यानें अगोदरच दाबून सपाट केलेला होता, त्यामुळें तो चिमट्यानें सहज निघाला. पिंवळट तपकिरी अंग, त्यावर काळे व तांबडे ठिपके, तांबड्यांभोंवतीं फिकट कडें. इतकें सुंदर जनावर मीं क्वचित् पाहिलें असेल. मित्रानें त्याचें तोंड प्रवाहाकडे करून त्यास दोन्ही हातांत अलगद धरून ठेविलें. कल्ले उघडमीट करूं लागले. कांहीं वेळानें शेपटी हलली आणि हातांत नुसतें पाणी राहिलें.

“पाहिलेंस?” तो म्हणाला. “कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. कर्म केलें, फळ सोडून दिलें. तुझ्या गीतेंत याहून निराळें काय सांगितलें आहे?”

मी हंसलों, पण तें वाक्य मनांत अडकून राहिलें.

गळ टाकणाऱ्यांच्या समर्थनाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ आयझॅक वॉल्टन यानें १६५३ सालीं लिहिला. चारच वर्षांपूर्वीं इंग्लंडांत राजाचा शिरच्छेद झाला होता व यादवीच्या जखमा ओल्या होत्या. अशा काळीं त्यानें नदीकांठच्या शांतीचें वर्णन केलें आणि आपल्या ग्रंथाच्या नांवांतच या छंदास चिंतनशील पुरुषाची करमणूक म्हटलें. खोट्या माशीच्या विद्येचा भाग त्यास त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन यानें १६७६ सालीं जोडला. पुढें १८२३ त प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन जुआन’च्या तेराव्या सर्गांत बायरननें वॉल्टनचा फार कठोर उपहास केला, त्याच्या मतें ही शांति म्हणजे सभ्य वेष घातलेली क्रूरता. तथापि वॉल्टनची बाजू घेणाऱ्यास एक उत्तर होतें : त्याचा कोळी धरलेला मासा शिजवून खात असे. धरून सोडून देण्याची चाल पुष्कळ नंतरची. अमेरिकेंत ली वुल्फ यानें १९३९ च्या आपल्या पुस्तकांत तिचा पुरस्कार केला. त्याचें कारण दयेचें नव्हतें. गळ टाकणारे वाढले व मासे घटले, तेव्हां एकाच माशानें अनेकांस सुख द्यावें, हा त्यांतील हिशेब होता. हा हिशेब नद्यांच्या दृष्टीनें शहाणपणाचाच ठरला. पण कालांतरानें त्यास दयेचें नांव मिळालें, आणि माझा आक्षेप आहे तो त्या नांवास.

कोणी म्हणेल, माशास दुःख होतें हेंच कशावरून? हा प्रश्न आतां केवळ तर्काचा राहिलेला नाहीं. २००३ सालीं लिन स्नेडन व त्यांचे सहकारी यांनीं ट्राउटवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. ट्राउटच्या डोक्यावर व तोंडाभोंवतीं इजेची खबर मेंदूस देणारे मज्जातंतू त्यांस आढळले. माशांच्या ओठांत मधमाशीचें विष किंवा सौम्य आम्ल टोंचलें असतां ते अंग डोलवूं लागले. आम्ल टोंचलेले कांहीं मासे ओठ तळाच्या खड्यांवर घांसूं लागले. आणि सुमारें तीन तास त्यांनीं अन्नास तोंड लावलें नाहीं. उलट जेम्स रोझ या अमेरिकन शास्त्रज्ञानें त्यापूर्वींच, २००२ त, असें प्रतिपादिलें होतें कीं, मनुष्यास ज्या मेंदूच्या बाह्य थरामुळें वेदनेची जाणीव होते तो थर माशास नाहीं. म्हणून त्याच्या धडपडीस वेदना म्हणूं नये. हा वाद अजून चालू आहे. परंतु नीतीच्या दृष्टीनें वाद मिटण्याची वाट पाहण्याची गरज नाहीं. झुडुपांत कांहीं हललें, तें डुक्कर आहे कीं माणूस हें कळत नाहीं, तर शिकाऱ्यानें बार काढूं नये हें सर्वांस मान्य आहे. अज्ञान हें बार काढण्याचें कारण होऊं शकत नाहीं. आणि ओठाविषयींचेंच अज्ञान असतां ओठांतच आंकडा घालण्याचें तर मुळींच नाहीं.

या ठिकाणीं एका देशाच्या कायद्याची आठवण होते. स्वित्झर्लंडांत २००८ पासून लागू झालेल्या प्राणिसंरक्षणाच्या नियमांप्रमाणें, सोडून देण्याच्याच उद्देशानें मासे धरण्यास मनाई आहे. हें मीं मित्रास सांगितलें तेव्हां तो थक्क झाला. “म्हणजे मारला तर चालेल आणि सोडला तर गुन्हा? हा कायदा डोक्यावर उभा आहे!” वरवर पाहतां त्याचें म्हणणें बरोबर दिसतें. परंतु त्या नियमामागचा विचार साधा आहे. दुसऱ्या जीवास पीडा द्यावयाची तर तिला कांहीं कारण पाहिजे. भूक हें कारण आहे. तें पुरेसें आहे कीं नाहीं याविषयीं मतभेद होईल, पण तें कारण आहे. करमणूक हें कारण नव्हे. आणि मासा सोडून दिल्यानें पीडा कमी होते हें खरें असलें, तरी तिचें कारण त्यामुळें अधिक चांगलें होत नाहीं. उलट, तें होतें तेंहि नाहींसें होतें.

आतां फलत्यागाचें. माझ्या मित्रानें विनोदानें म्हटलें खरें, परंतु त्या विनोदांत एक मोठी भूल आहे, व ती आपणां सर्वांच्याच हातून होते. फळ म्हणजे काय? घरीं न्यावयाचा मासा हें त्याच्या कर्माचें फळ नव्हतेंच. त्यास मासळीचा शौकहि नाहीं. त्याच्या कर्माचें फळ ती थरथर, आणि ती तर त्याच्या हातांत पूर्ण पडून चुकलेली होती. जें हवें होतें तें घेऊन झाल्यावर जें नको होतें तें सोडणें यास त्याग म्हणत नाहींत. दयेचेंहि तसेंच. दया ही समोर आलेल्या दुःखास दिलेलें उत्तर असते. जो आधीं दुःख निर्माण करतो आणि मग हळुवार हातानें तें दूर करतो, त्याच्या हाताचा हळुवारपणा खरा असेल. पण त्यास परतफेडीपेक्षां मोठें नांव देतां येणार नाहीं. आणि परतफेड करणाऱ्यानें दात्याचें समाधान मिळवूं नये.

येथवर आलों तेव्हां मला माझीच शंका येऊं लागली. निकाल इतका सोपा असेल तर आपण कांहीं तरी विसरलों आहों असें समजावें, हा धडा मीं विद्यार्थ्यांना पुष्कळदां दिलेला आहे. मी दोन गोष्टी विसरलों होतों.

पहिली अशी कीं, त्या नदीस माझ्या मित्राइतकें मीं कधींच पाहिलें नसतें. मी निरुपद्रवी प्रवासी; कांठावर बसून ‘वाहवा’ म्हणणार आणि चहा पिऊन निघून जाणार. दगड उलटून त्याखालच्या अळ्या पाहणें, पाण्याचा रंग उतरला कीं वर कोठें दरड कोसळली हें ओळखणें, नदींत कोणीं कचरा टाकला तर भांडावयास उठणें, हें सारें त्यास गळानें शिकविलें. अनेक देशांत नद्या स्वच्छ राहाव्या म्हणून आरंभीं झटले ते बहुतेक गळ टाकणारेच. स्वार्थांतून कां होईना, प्रेम जन्मास आलें आहे. आणि निःस्वार्थी उदासीनतेपेक्षां तें नदीच्या अधिक उपयोगीं पडलें आहे.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. मी कोंकणांतला, आमच्या घरीं मासळी शिजते. बांगड्याचें कालवण पानांत वाढलें असतां तो जाळ्यांत किती वेळ तडफडला याचा विचार मीं कधीं केलेला नाहीं. पतंजलीनें हिंसेचे प्रकार सांगतांना स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि नुसती संमति दिलेली अशा तिघींस एकाच ओळींत बसविलें आहे. त्या ओळींत मी कोठें बसतों? कालवणाच्या बाबतींत दुसरीकडे; आणि त्या सकाळीं नदींत टाळ्या वाजविल्या तेव्हां तिसरीकडे; काठी हातांत घेतली तेव्हां पहिलीकडे. म्हणजे एकंदरींत माझी हजेरी पूर्ण होते. त्याच सूत्रांत हिंसेचीं कारणें लोभ, क्रोध व मोह अशीं दिलीं आहेत. लोभ व क्रोध ओळखावयास सोपे. त्यांची चेहऱ्यावर खूण उमटते. माझ्या मित्राच्या चेहऱ्यावर तर प्रार्थनेस बसलेल्या माणसाची शांति होती. राहिला तो मोह, आणि मोहाची खूण बहुधा हीच कीं, तो शांत दिसतो.

त्या रात्रीं, शेकोटीपाशीं बसलों असतां, मित्र म्हणाला, “सकाळपासून तूं गप्प आहेस. काय तें बोल.” मीं टाळाटाळ केली. तो म्हणाला, “मला जपूं नकोस. चार वर्षें सगळे मला जपत आहेत.” तेव्हां मीं, वर लिहिलें आहे तें बहुतेक सारें सांगितलें. स्वतःची हजेरी धरूनच सांगितलें. तो बराच वेळ निखारे सारखे करीत राहिला. मग म्हणाला, “तूं म्हणतोस तें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. मासा निसटून जातो ना, त्या वेळीं मला बरें वाटतें. कुणी तरी माझ्या हातांतून गेलें आणि जिवंत आहे, असें वाटतें.”

यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं. आपलें दुःख हलकें करण्यासाठीं दुसऱ्या जीवास वेठीस धरावें काय, असा प्रश्न परीक्षेच्या कागदावर मी सहज घालीन. त्या शेकोटीपाशीं तो माझ्यानें उच्चारवला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मी निघणार होतों. पहांटे तो मला नदीवर घेऊन गेला. माशी बांधण्यापूर्वीं त्यानें खिशांतून पक्कड काढली आणि आंकड्याचें टोंक पार कापून टाकलें. नुसती सरळ दांडी आणि तिच्यावर पिसें राहिलीं. असें करणारे कांहीं लोक आहेत, त्यांत मासा माशी तोंडांत घेतो व क्षणांत टाकून देतो, असें तो म्हणाला. आदल्या दिवशींच्याच शिळेमागें त्यानें माशी उतरविली. पाणी फुटलें, दोर क्षणमात्र ताठला आणि सैल पडला. त्यानें तीनचारदां तसें केलें. मीं विचारलें, “कसें काय?”

तो थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिला. “अर्धा आनंद आहे,” तो म्हणाला. “अर्धा गेला.”

इतकें प्रामाणिक उत्तर मीं कोणत्याहि ग्रंथांत वाचलेलें नाहीं. नदी, पहांट, पाण्याची ओळख, हाताचें कसब, माशास फसविण्याची गंमत, हें सारें त्या शिल्लक राहिलेल्या अर्ध्यांत होतें. मग गेलेल्या अर्ध्यांत काय होतें? ज्यास कोणास आपल्या एखाद्या सुखाची परीक्षा घ्यावयाची असेल त्यानें माझ्या मित्राप्रमाणें त्याचें टोंक एकदां कापून पाहावें, आणि किती उरलें व काय गेलें याचा हिशेब मांडावा. तो हिशेब पाहून सुख सोडावेंच असें मी म्हणत नाहीं. सोडण्याचें बळ सर्वांस नसतें, आणि दुःखी माणसाकडून तें मागण्याचा अधिकार तर मला नाहींच. परंतु गेलेल्या अर्ध्यास त्याच्या खऱ्या नांवानें ओळखावें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.

पुढें त्यानें टोंकाच्या माशा बांधल्या कीं बिनटोंकाच्या, हें मीं विचारलें नाहीं. माझी मोटार आली होती. घरीं पोहोंचल्यावर दोन दिवसांनीं पानांत बांगडा वाढला गेला. मीं तो खाल्ला. पण प्रथमच, खातांना, त्याच्या तोंडाकडे पाहिलें.